यात्रेच्या दुसऱ्या दिवशीचं स्वस्त लग्न

माझं लग्न ठरलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. त्यामुळे घरच्यांपेक्षा जास्त आनंद गल्लीला झाला. समोरच्या काकूंनी तर मला रस्त्यात गाठून दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं!" जणू काही माझं ऑपरेशन यशस्वी झालं होतं.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. दहा वर्षं माझ्या टेबलासमोर लोक मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागायला बसत आले आहेत आणि दहा वर्षं मी त्यांना तोंड वर करून उपदेश केला आहे: लग्न साधं करा, चार लोकांच्या जेवणासाठी चार वर्षं हप्ते भरू नका. माझं लग्न ठरल्याची बातमी ऑफिसात पोचली तेव्हा तेच खातेदार मला गोड हसून विचारायला लागले, "मग मॅडम, साधंच का?" त्यामुळे लग्न साधं करणं मला भागच होतं. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले, त्यांच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. खर्च मी आणि होणारा नवरा, निम्मा निम्मा. तो कागलचा, आयटीआयमध्ये शिकवतो. हिशोबाला पक्का आणि बोलायला कमी, म्हणजे मला हवा तसाच.

पहिलं काम हॉलचं. चैत्र-वैशाखात कोल्हापुरात हॉल मिळणं आणि सरकारी नोकरी मिळणं सारखंच. पाच ठिकाणी नकार घेऊन सहाव्या हॉलवर गेले, तर तिथल्या मॅनेजरनं वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "एक दिवस मोकळा आहे. तो घेत असाल तर निम्म्या भाड्यात देतो."

निम्म्या भाड्यात! मी तारीख न बघताच होकार दिला. घरी येताना रिक्षात मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की रिक्षावाल्याला मी दहा रुपये जास्त दिले. भरलेल्या हंगामात बरोबर तोच दिवस का रिकामा राहिला, हा प्रश्न कर्ज विभागात दहा वर्षं काढलेल्या बाईला पडला नाही. गुरुजींनाही पडला नाही. त्यांना तारीख सांगितली, त्यांनी पंचांग बघितल्यासारखं केलं आणि बारा पंचवीसचा मुहूर्त काढून दिला.

मग डेकोरेटर. चुलत बहिणीच्या आग्रहावरून गेले. ती पुण्यात असते आणि तिथे लग्नात फुलं नसतात, 'थीम' असते. डेकोरेटरचं ऑफिस एसी. त्यानं मला कॉफी दिली, तिथंच मला धोका कळायला हवा होता. टॅबवर फोटो दाखवत तो म्हणाला, "हा आपला पेस्टल. सगळं ऑफव्हाइट आणि बेबी पिंक. ऑर्किड थायलंडवरून येतात."

माझ्या लग्नाला सांगलीची मावशी यायला कुरकुरत होती, गुडघे दुखतात म्हणून, आणि थायलंडवरून फुलं येणार होती. मी आकडा विचारला. त्यानं तो तोंडानं सांगितला नाही, कॅलक्युलेटरवर टाइप करून माझ्याकडे फिरवला. सभ्य माणूस. तेवढ्यात मी खातेदाराला म्हैस घेऊन दिली असती आणि वर वैरण.

"फुलं नकोतच," मी घरी येऊन जाहीर केलं. "स्टेजवर पडदे असतातच हॉलचे. दोन हार, एक गजरा, संपलं."

आत्या तिथंच होती. आत्या मंगळवार पेठेत राहते, पण माझं लग्न ठरल्यापासून ती आमच्या सोफ्यावर राहत होती. ती म्हणाली, "चौतीस वर्षं थांबलीस आन् आता फुलापाशी येऊन चिकटपणा करतीस व्हय गं? लोक काय म्हणतील?"

"लोक गेली दहा वर्षं म्हणतच आहेत, आत्या."

बाबा पेपर वाचत होते. माझ्या लग्नात त्यांनी एकाही गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. पत्रिकेचा मजकूर तेवढा तीनदा तपासला होता, तोही जुन्या सवयीनं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "फुलं पाहिजेत."

मी बघतच राहिले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला.

"आमच्या लग्नात क्रेपच्या कागदाची होती," ते म्हणाले. "छापखान्यातल्या पोरांनी करून दिलेली. पैसेच नव्हते. तुझी आई आली मांडवात, तिनं एक फूल हातात घेऊन वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. बोलली काही नाही."

"नंतर बोलले की," आतून आई म्हणाली. "अडतीस वर्षं बोलतीय."

सगळे हसलो. पण बाबा हसले नाहीत. म्हणाले, "एवढं एक माझं ऐक. खरी असू देत."

ऑर्किड नकोत, पण खरी फुलं हवीत, आणि बजेट तेच. आत्यानं लगेच जबाबदारी घेतली. आत्या जबाबदारी घेते म्हणजे दुसऱ्याला कुठेतरी घेऊन जाते. ती मला तिच्या पेठेतल्या फुलवाल्या चाचींकडे घेऊन गेली. चाचींच्या घरात तीन पिढ्या हार बांधतात. पेठेतलं कुठलंही बारसं, बढती आणि मयत त्यांच्या हाताखालूनच जातं. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चाची. सून मागं बसून सुई-दोऱ्यावर निशिगंध ओवत होती.

मी सगळं नीट सांगितलं: स्टेजला माळा, दारात तोरण, दोन मोठे हार, बायकांना गजरे. चाची हातातलं काम न थांबवता ऐकत होत्या. म्हणाल्या, "करू की. तारीख कुठली?"

मी तारीख सांगितली.

चाचींचे हात थांबले. त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं त्यांच्याकडे बघितलं.

"अगं पोरी," चाची म्हणाल्या, "आदल्या दिवशी चैत्र पौर्णिमा हाय."

"मग?"

"मग? कोल्हापूरची हायस न्हवं तू? जोतिबाची यात्रा हाय! त्या दोन दिवसांत गावातलं फूल न् फूल डोंगरावर जातंय. देवाशिवाय कुणाच्या गळ्यात हार पडत न्हाई. अन् पडला तर झेंडूचा भाव ऐकून नवरदेव पळून जाईल."

तर हॉल निम्म्या भाड्यात का मिळाला, ते मला असं, फुलांच्या ओट्यावर, सुनेच्या देखत कळलं. त्या तारखेला सगळा जिल्हा डोंगरावर असतो किंवा डोंगरावरून परत येत असतो. शहाणी माणसं त्या दिवशी लग्न काढत नाहीत. आत्या माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जणू तिला हे आधीपासून ठाऊक होतं. आणि तिला खरंच ठाऊक होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कोण विचारतंय? हॉल ठरवताना विचारलंस?"

चाचींनीच मार्ग काढला. "फुलं तू आण कुठनं तरी. शेतावरनं आण. बांधायला मी येते सुनेला घेऊन, हॉलवरच. बांधणावळ तेवढी दे."

शेत म्हटल्यावर मला आमचे एक खातेदार आठवले. पेठ वडगावजवळचे, जैन शेतकरी, निशिगंध आणि झेंडू लावतात. ठिबकसाठी आमच्याकडून कर्ज घेतलेलं आणि हप्ता कधी चुकला नाही. फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या लग्नाला फुलं न्हाई द्यायची तर मग कुणाच्या? सगळा निशिगंध तुमचा. झेंडू यात्रेला बोलून बसलोय, त्यातला थोडा काढतो. भाव शेतावरचा." मग जरा थांबून म्हणाले, "जेवणात बटाट्याची भाजी हाय का? न्हाई, आम्ही कंदमूळ खात न्हाई म्हणून इचारलं." मी त्यांच्यासाठी मटकीची उसळ वाढवली. बजेटमध्ये ती बसली.

टेम्पो त्यांच्या शेजाऱ्याचा. आदल्या दिवशी संध्याकाळी फुलं हॉलवर पोचणार असं ठरलं. संध्याकाळ झाली, टेम्पो आला नाही. फोन केला तर ते म्हणाले, "टेम्पो डोंगरावर गेलता, वाटेत गर्दी हाय, येतोय." होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." माझा आणि त्याचा हाच फरक आहे. मला रात्रभर झोप लागली नाही, त्याला लागली.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला, अंगाला लागलेल्या हळदीसकट, मी साध्या पंजाबी ड्रेसवर हॉलच्या दारात उभी होते. चाची आणि सून गोणपाट अंथरून तयार बसल्या होत्या. साडेसहाला टेम्पो आला. ड्रायव्हर खाली उतरला. तो आपादमस्तक गुलाबी होता. भुवया गुलाबी, कान गुलाबी, शर्टाचा मूळ रंग देवाला माहीत.

"ताई, उशीर झाला," तो म्हणाला. "डोंगरावर गुलालाची पोती टाकायला गेलतो. तिथनं वडगावला गेलो, माल भरला, आलो थेट."

त्यानं मागची ताडपत्री काढली.

शेतकरी मायाळू माणूस. वाटेत फुलं सुकू नयेत म्हणून त्यांनी निशिगंधावर भरपूर पाणी मारून दिलं होतं. आणि टेम्पोत, कोपऱ्यात, एक पोतं फाटलं होतं. पोतं खाली उतरलं, पण त्यातला गुलाल तिथंच राहिला. तो आणि ते पाणी, वडगाव ते कोल्हापूर, खड्ड्याखड्ड्यातून एकमेकांत चांगले मुरले होते. माझा पांढराशुभ्र निशिगंध गुलाबी झाला होता. सगळा नव्हे. खालचा गडद, मधला फिकट, वरचा पांढरा तसाच, त्यावर शिंतोडे. झेंडू केशरीच होता, पण त्याच्याही गालाला लागलेलं होतंच.

मी पायरीवर बसले. ओरडावं की रडावं हे ठरेना, म्हणून मी ड्रायव्हरला विचारलं, "हे काय आहे?"

"गुलाल हाय की," तो म्हणाला. प्रश्नाचं उत्तर म्हणून ते अगदी बरोबर होतं. वर म्हणाला, "चांगलाच हाय. देवाचा हाय."

"धुवून घेऊ," मी उठले. "बादल्या आणा. नळ कुठं आहे?"

"बस खाली," चाची म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण मी बसले. त्यांनी एक दांडी उचलली, उजेडाकडे धरली, बोटानं फूल चोळून बघितलं. "भिजवलं तर मऊ पडतंय, बारा वाजेपर्यंत काळं होतंय. अन् डोंगरावरचा गुलाल धुवून गटारात सोडायचा? मी न्हाई धुणार. माझ्या सासूनं न्हाई धुतला कधी. यात्रेच्या परतीचा माल असाच यायचा, असाच ओवायचा."

"पण चाची, सगळं गुलाबी—"

"मग गुलाबी बांधू. तू आंघोळीला जा. नवरी मुलगी पायरीवर बसून काय बघतीस?"

एवढ्यात आई आणि बाबा आले. बाबांनी टेम्पोत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढी एक गोष्ट त्यांनी मागितली होती. मला त्या क्षणी ड्रायव्हरपेक्षा माझाच जास्त राग आला, हॉलचा दर बघून फुगलेल्या त्या बाईचा.

आईनं पदर खोचला, गोणपाटावर चाचींच्या शेजारी जाऊन बसली आणि एक ओंजळ फुलं नाकाशी धरली. नाकाच्या शेंड्याला गुलाल लागला.

"वास येतोय," ती बाबांकडे बघून म्हणाली. "चांगला येतोय." मग सुनेला म्हणाली, "सुई दे गं एक."

बाबा तिथंच उभे राहिले. मग चष्मा पुसायला लागले आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

मी आंघोळीला गेले. परत आले तोवर गोणपाटावर सात बायका होत्या. आत्या मध्ये बसून सगळ्यांना चुका सांगत होती आणि स्वतः एकही फूल ओवत नव्हती. चाचींनी रंगाप्रमाणे वेगळे ढीग केले होते: पांढरा वर, मग फिकट, मग गडद, खाली झेंडूची कड. स्टेजवर माळा चढल्या तेव्हा मी आत नवरी म्हणून नटत होते, त्यामुळे मला काही दिसलं नाही. पहिली बातमी पुण्याच्या चुलत बहिणीनं आणली. ती धावत आली.

"तू तर म्हणालीस डेकोरेटर नाही म्हणून! एवढं सुंदर ओम्ब्रे कुणी केलं?"

"काय केलं?"

"ओम्ब्रे गं! पांढऱ्यातून गुलाबी! पुण्यात याचे किती घेतात माहीत आहे?"

मी तिला माहीत नसल्याचं सांगितलं आणि तिच्याकडून ऐकूनही घेतलं नाही. मुहूर्ताच्या आधी असले आकडे ऐकू नयेत.

अकरापासून पाहुणे यायला लागले. आम्ही तीनशे बोलावले होते. पण गावोगावचे नातेवाईक यात्रेला आलेलेच होते, ते डोंगरावरून थेट लग्नाला उतरले, बरोबर त्यांचे सोबती घेऊन. एका फेरीत देवही आणि जावईही. दारात एक अनोळखी, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी माणूस उभा होता. बाबांनी विचारलं, "आपण कुणाकडचे?" तो म्हणाला, "पावणं, आम्ही जेवायला आलोय, वळख नंतर काढू." निम्मा हॉल माझ्या फुलांच्या रंगाचा होता. थीम म्हणतात ती हीच असावी.

कागलची मंडळी साडेअकराला पोचली. होणाऱ्या सासूबाईंचं मला टेन्शन होतं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. बैठकीत त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "आमच्यात सगळं वेळेवर असतं." त्यांची साडी मोतिया रंगाची, नवी, काठ बारीक. मला ती खिडकीतून दिसली. आत्या त्यांच्या स्वागताला पुढं झाली होती. सकाळपासून प्रत्येक माळ हातात घेऊन तपासणारी आत्या. तिनं प्रेमानं त्यांना मिठी मारली. सुटल्यावर सासूबाईंच्या पाठीवर पाच गुलाबी बोटं होती, दोन्ही बाजूंना.

कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला. मग हॉल बघितला, माळा बघितल्या, पाहुणे बघितले.

"यात्रेचा का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "चुकून लागला, विहीणबाई."

"राहू दे. सांगितलं असतंत तर पांढरी नेसून आले नसते," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या रांगेत जाऊन ताठ बसल्या. त्या चिडल्यात की नाही हे कुणालाच कळेना. त्यांच्या मुलाचंही कुणाला कळत नाही.

बारा पंचवीसला मंगलाष्टकं झाली. हार घातले. हार जड, ओला आणि चांगल्यापैकी गुलाबी. नवऱ्याच्या पांढऱ्या शेरवानीवर गळ्यापासून पोटापर्यंत त्याचा ठसा उमटला. शेरवानी भाड्याची होती. त्यानं खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लग्न ठरल्यापासूनचं सगळ्यात लांब वाक्य बोलला: "डिपॉझिट गेलं, पण छान दिसतंय." मला हसू आवरेना. अक्षता पडत होत्या आणि मी हसत होते. समोरच्या काकू ते बघून डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाटलं मी रडतेय.

जेवण पुरलं, कसंबसं. उसळ सगळ्यात आधी संपली, कारण शेतकऱ्यांनी आपलं अख्खं भावकीचं पथक आणलं होतं आणि त्यातलं कुणीच बटाटा खात नव्हतं. चाची आणि त्यांची सून पंगतीला बसल्या, तेव्हा आईनं स्वतः वाढलं. चाचींनी बांधणावळ घेतली, एक रुपया कमी केला नाही आणि निघताना माझ्या गालावर हात ठेवला. "आता पुढच्या पौर्णिमेला कुणाचं लग्न काढू नको," म्हणाल्या.

हॉलच्या मॅनेजरनं फरशीवरचे डाग दाखवून अनामत रकमेतून बरीच कापली. निम्म्या भाड्यातलं जे वाचलं होतं, त्यातलं बहुतेक तिथंच गेलं. मी भांडले नाही. लग्नाच्या शालूत भांडायला नीट जमतही नाही.

पाठवणी चारला झाली. आई रडली, आत्या त्याहून मोठ्यानं रडली, बाबा गाडीचं दार पुन्हा पुन्हा उघडून लावून बघत राहिले, नीट लागलंय का म्हणून. नवरा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला, मी आणि सासूबाई मागं. हायवेवर यात्रेच्या गाड्यांची रांग, त्यामुळे गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली होती. ऊन खिडकीतून थेट आत येत होतं. मी मनात वाक्यं जुळवत होते, साडीबद्दल माफी कशी मागावी याची. दोन-तीन जुळवली, एकही धड नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "आई, ती साडी—"

उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर सासूबाईंना झोप लागली होती. पहाटे चारपासून उठल्या असणार, त्यांच्याकडे सगळं वेळेवर असतं. गाडीनं एक गचका खाल्ला आणि त्यांचं डोकं घसरून माझ्या खांद्यावर आलं. त्या किंचित घोरत होत्या. मी पदर सावरून ऊन त्यांच्या डोळ्यांवर येणार नाही असा धरला आणि तशीच बसले. कागल येईपर्यंत माझ्या हाताला मुंग्या येऊन तो पार बधिर झाला.